कलावंताचा सातबारा

गेल्या आषाढात एक ढोलकीवादक माझ्याकडे अर्ज भरून घेण्यासाठी आले. वय पन्नाशीच्या पुढचे, उभी हयात तमाशाच्या फडात गेलेली. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरायची होती आणि त्यासाठी एका पतसंस्थेकडून कर्ज हवे होते. अर्ज त्यांनी आधी एकदा भरून दिला होता. तो परत आला होता. 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी 'ढोलकीवादक' असे लिहिले होते आणि कारकुनाने त्या शब्दापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते. "सर, ते म्हणतात, हा छंद झाला, धंदा कोणता ते लिहा," असे त्यांनी मला सांगितले. आम्ही दोघांनी बराच वेळ विचार केला आणि अखेर 'शेतमजूर' असे लिहिले. कर्ज मंजूर झाले. ज्या गृहस्थाने तीस वर्षांत विळा हाती धरला नव्हता त्याला शेतमजूर म्हणून कर्ज मिळाले, आणि ज्या कामावर त्याने चार जीव पोसले ते काम कागदावर कामच ठरले नाही. या खोट्यात माझाही हात होता, हे मी प्रारंभीच कबूल करतो. परंतु त्या दिवसापासून ते प्रश्नचिन्ह माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

अर्थशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्या कारकुनाला दोष देण्याचा अधिकार आमच्या शास्त्राला नाही. कारण पहिले प्रश्नचिन्ह आमच्याच आद्य पुरुषाने काढले आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात वादक, गायक आणि नर्तक यांना घरगड्यांच्या पंक्तीत बसवून 'अनुत्पादक श्रमिक' ठरवले. त्यांचे काम निर्माण होते त्याच क्षणी नाश पावते, विकता येईल अशी वस्तू मागे उरत नाही, हे त्याचे कारण. मार्क्सने ही चूक मोठ्या मार्मिकपणे दाखवून दिली. एखादी गायिका स्वतःच्या हिमतीवर गाणे विकते तेव्हा ती भांडवलशाहीच्या हिशेबात अनुत्पादक. परंतु तीच गायिका एखाद्या ठेकेदाराने नफ्यासाठी कामावर ठेवली की ती उत्पादक! गाणे तेच, गळा तोच. बदलतो तो फक्त संबंध. तात्पर्य, वादकाचे वाजवणे काम आहे की नाही, हे ढोलकीच्या बोलावरून ठरत नाही. त्याला कामावर कोण ठेवतो, पैसे कोण देतो आणि ते कोणत्या नात्याने देतो, यावरून ते ठरते. हे नाते आपल्या नगर जिल्ह्यात काय आहे, ते आता पाहू.

आपल्या जिल्ह्याला (आता त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे) या विषयात बोलण्याचा अधिकार जुना आहे. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. अहिल्याबाई होळकरांच्या शब्दाखातर त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाचा मार्ग धरला, अशी आख्यायिका आहे. त्या अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडीही याच जिल्ह्यातले, जामखेड तालुक्यातले. पुढे शंभर वर्षांनी पठ्ठे बापूरावांच्या लावणीला जिने रंगमंचावर देह आणि आवाज दिला ती पवळा संगमनेर तालुक्यातील हिवरगावची. कांताबाई सातारकर नावाने सातारकर, परंतु त्यांच्या फडाचे घर संगमनेर. मे २०२१ मध्ये त्यांनी तेथेच शेवटचा श्वास घेतला. जामखेडची कलाकेंद्रे आजही संगीत बारीसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. म्हणजे वाजवणे, गाणे आणि नाचणे हा या जिल्ह्यात उसाइतकाच जुना, किंबहुना उसाहून जुना व्यवसाय आहे. उसासाठी येथे कालवे आले, कारखाने आले, बँका आल्या. गाण्यासाठी काय आले?

सात महिने आणि बारा महिने

तमाशाच्या अर्थव्यवहाराची सर्वसाधारण रीत अशी. तंबूचा मोठा फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततो. हंगामी फड चैत्र-वैशाखातल्या जत्रांपुरते उभे राहतात. जत्रेच्या सुपाऱ्यांचा बाजार पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला भरतो. तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, आणि कोणत्या रात्री कोणता फड कोणत्या गावी जाणार याचे सौदे होतात. गुढीपाडवा हा या बाजाराचा मुख्य दिवस. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत फड दर रात्री नव्या गावी. रात्रभर खेळ, पहाटे सामान ट्रकवर, दुपारी पुढचे गाव. त्यानंतरचे चार-पाच महिने कनात गुंडाळलेली.

शेतकऱ्याजवळ सातबारा असतो. आमच्या वादकाजवळ जमीन नाही, तरीही त्याचा एक सातबारा आहेच: सात महिने कमाई आणि बारा महिने खर्च. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंतच्या पोटाची तजवीज कोण करतो? ती करते उचल. फडमालक पावसाळ्यात कलावंताला पुढच्या हंगामाच्या पगारातून आगाऊ रक्कम देतो आणि हंगामभर ती फेडून घेतो. ही रक्कम फडमालक तरी कोठून आणतो? बहुधा सावकाराकडून, नाहीतर पतसंस्थेकडून. म्हणजे सावकाराचे व्याज फडमालकाच्या खांद्यावरून घसरत घसरत सुरत्याच्या आणि झीलकऱ्याच्या मजुरीत उतरते. वर्ष सुरू होण्याआधीच वर्षाची कमाई गहाण पडलेली असते.

हे वाचताना नगरच्या वाचकाला काही आठवल्यावाचून राहणार नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून उसाच्या तोडीला जाणारा मजूर नेमक्या याच दोरीने बांधलेला असतो. शब्दही तोच, उचल. मुकादमाच्या जागी फडमालक आणि कोयत्याच्या जागी ढोलकी, एवढाच फरक. फरक आणखी एक आहे आणि तो ऊसतोड मजुराच्या बाजूचा आहे. अनेक संपांनंतर आणि मोर्चांनंतर त्याच्यासाठी निदान एक कल्याणकारी महामंडळ स्थापन झाले आणि कारखान्यांच्या गाळपावर टनामागे रक्कम घेऊन त्यासाठी निधी उभारण्याचे तत्त्व मान्य झाले. ते महामंडळ किती काम करते हा वेगळा वाद आहे. परंतु ऊस तोडणारा हा कामगार आहे, एवढे तरी शासनाने मान्य केले. ढोलकी वाजवणाऱ्याच्या नावापुढे मात्र अजून पेन्सिलीचे प्रश्नचिन्हच आहे.

बलुते, बक्षिसी आणि मानधन

हे प्रश्नचिन्ह का पडले, याचे उत्तर गावगाड्यात आहे. हलगी, डफ, सनई ही वाद्ये आपल्या समाजात कोणी वाजवावीत, हे आवडीने ठरले नाही, जातीने ठरले. मांगाने हलगी वाजवावी, गुरवाने देवळात वाजवावे; लग्न असो, पोळा असो, वा मयत असो, बोलावणे आले की जावे. त्याचा मोबदला सुगीत बलुते म्हणून धान्याच्या रूपाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'मध्ये या साऱ्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. या देण्यात सौदा नव्हता. किती द्यायचे हे देणारा ठरवी आणि किती वाजवायचे हेही देणाराच ठरवी. १९५८ च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतने रद्द झाली. त्याआधीच आंबेडकरी चळवळीने गावकीची कामे सोडण्याचा मंत्र दिला होता. ते उचितच झाले. ज्या वाजवण्यात नकाराचा अधिकार नाही, ते वाजवणे कला नव्हे. ती वेठ होय.

परंतु वेठ गेली म्हणून मजुरी आली असे झाले नाही. मधल्या जागेत बक्षिसी आली. फडात आणि बारीत रसिकाने खूश होऊन दिलेली दौलतजादा, लग्नाच्या वरातीत वाजंत्र्यावरून ओवाळून टाकलेली नोट, हा तिचा प्रकार. ती घेण्यासाठी हात पसरावा लागतो, अनेकदा वाकावेही लागते. आणि स्त्री कलावंताला त्या नोटेपायी काय काय सोसावे लागते, हे मी येथे सविस्तर सांगण्याची गरज नाही. बारीच्या हिशेबातही दौलतजाद्याचे वाटे पडतात. थिएटरमालकाचा वाटा आधी निघतो, मग पार्टीच्या मालकिणीचा, आणि पेटीवाला-तबलजी यांच्यापर्यंत पोचताना ती रक्कम क्षीण झालेली असते.

बक्षिसीनंतर शासनाचे मानधन आले. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना महाराष्ट्रात पन्नासच्या दशकापासून चालू आहे. कलावंतांच्या प्रतवाऱ्या लावून कमीअधिक रकमा देण्याची जुनी पद्धत २०२४ साली बदलली आणि सर्वांना सरसकट दरमहा ५ हजार रुपये देण्याचे ठरले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे; तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु मानधनाचे स्वरूप पाहा. वयाची पन्नाशी गाठावी, कलेतील सेवेचे पुरावे जोडावेत, उत्पन्न तुटपुंजे असल्याचा दाखला आणावा, आणि मग जिल्ह्याच्या समितीने निवड करण्याची वाट पाहावी. ज्याने आयुष्यभर रात्री जागवल्या, त्याने म्हातारपणी आपण कलावंत आहोत आणि शिवाय गरीबही आहोत, अशा दोन गोष्टी सिद्ध करायच्या! पुरावा तरी कोठला आणायचा? फडात हजेरीपट असतो, पण तो फडमालकाच्या वहीत. ती वही फड बुडाला की रद्दीत जाते.

बलुते, बक्षिसी आणि मानधन या तिन्हींत एक धागा समान आहे. तिन्ही ठिकाणी किती द्यायचे, हे देणारा एकटा ठरवतो. मजुरी ही अशी एकच गोष्ट आहे की जिची रक्कम दोघांनी मिळून ठरवायची असते, आणि ठरल्याप्रमाणे मिळाली नाही तर जिच्यासाठी भांडता येते. म्हणून माझे म्हणणे असे की कलावंताच्या प्रश्नाचे मूळ रकमेच्या लहानमोठेपणात नाही. ते नात्याच्या स्वरूपात आहे.

कॅमेऱ्यापुढचा आणि कनातीतला

कोणी म्हणेल, वादकाला कामगार म्हणणे कायद्याला शक्यच नाही. कलेचे मोजमाप कसे करणार? या आक्षेपाला खुद्द कायद्यानेच उत्तर दिले आहे. १९८१ साली संसदेने चित्रपट कामगारांसाठी कल्याण निधीचे आणि सेवाशर्तींचे कायदे केले. त्यांत 'सिने कामगार' या शब्दाची व्याख्या करताना नट आणि नर्तक यांच्याबरोबर वादकाचाही स्पष्ट उल्लेख होता. पुढे हे कायदे नव्या श्रम संहितांत विलीन झाले. त्या संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्या असून 'दृक्‌श्राव्य कामगार' या नव्या व्याख्येतही वादक आणि गायक आहेत. याचा अर्थ असा की आमचे ढोलकीवादक उद्या मुंबईस जाऊन एखाद्या चित्रपटातील लावणीला साथ करतील तर ते कायद्याने कामगार. आणि तीच लावणी, तोच ठेका त्यांनी पारनेरच्या जत्रेत वाजवला तर ते 'लोककलावंत'. कॅमेऱ्यापुढे कामगार, कनातीत कलावंत! मार्क्सच्या गायिकेची गोष्ट इतक्या जवळून पाहायला मिळेल असे मला वाटले नव्हते.

दुसरे उदाहरण आमच्या शहरातलेच आहे. नगर हे लष्कराचे ठाणे. येथे सकाळी फिरायला जाणाऱ्याच्या कानी कधी कधी लष्करी बँडचा सराव पडतो. त्या बँडमध्ये तुतारी फुंकणाऱ्याला पगार आहे, राहायला जागा आहे, दवाखाना आहे, रजा आहे आणि निवृत्तीनंतर पेन्शन आहे. त्याच तऱ्हेची तुतारी शहरातल्या लग्नाच्या बँडमध्ये फुंकणाऱ्याला यांपैकी काहीही नाही. लग्नतिथी नसलेल्या महिन्यांत तो हमाली करतो किंवा रंगकाम करतो. एकाच्या फुंकरीला श्रम म्हणायचे आणि दुसऱ्याच्या फुंकरीला हौस, हे कोणत्या तर्काने? वादकाला सन्मानाने कसे जगवावे हे राज्यसंस्थेला ठाऊक नाही असे नाही. तिला स्वतःला गरज भासली तेथे तिने ते करून दाखवले आहे.

आणखी एक गोष्ट. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना रंगमंचामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्यागाची परिसीमा म्हणून ती सभासमारंभांतून सांगितली जाते आणि टाळ्या पडतात. मला त्या टाळ्या ऐकवत नाहीत. १९६१ साली या देशात प्रसूती लाभाचा कायदा झाला आणि पुढे सर्कस व तत्सम खेळ दाखवणाऱ्या आस्थापनांनाही तो लागू करण्यात आला. कागदावरचा तो कायदा कनातीच्या आत कधी शिरला नाही. ज्या हकीकतीत आपण त्याग पाहतो, तिच्यात एक न मिळालेली रजा आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या थोर स्त्रीची अखेरही २००२ साली पैशाच्या ओढगस्तीतच झाली, आणि नंतर शासनाने तिच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार जरूर द्यावा. परंतु पुरस्कार एका वर्षी एकाला मिळतो. भूक सर्वांना रोज लागते.

तीन आक्षेप

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील आणि त्यांतला तिसरा खरोखरच वजनदार आहे.

पहिला आक्षेप असा की कला ही साधना आहे, तिला मजुरीच्या पातळीवर आणू नये. हे म्हणणारे बहुधा दुसऱ्या एखाद्या नोकरीचा पगार घेत असतात. अध्यापन हीही साधनाच आहे असे आम्हांला दरवर्षी शिक्षकदिनी सांगण्यात येई. तथापि महिनाअखेरीस वेतन घेताना आमच्या साधनेला बाधा आल्याचे मला स्मरत नाही.

दुसरा आक्षेप बाजाराचा. लोकांना डीजे हवा असेल, मोबाइलवरची करमणूक हवी असेल, तर तमाशाला कृत्रिम श्वास का द्यावा? येथे थोडे अर्थशास्त्र सांगणे भाग आहे. बाउमोल आणि बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की रंगभूमीच्या आणि संगीताच्या आर्थिक संकटाचे कारण कलावंतांची उधळपट्टी हे नसते. कारखान्यात यंत्र सुधारले की एका कामगाराचे उत्पादन वाढते, त्यामुळे मजुरी वाढली तरी ती परवडते. परंतु चार वादकांची रचना आजही चार वादकांनाच वाजवावी लागते आणि तितकाच वेळ लागतो. गण, गौळण, बतावणी आणि वग यांना पूर्वी जितकी माणसे लागत तितकीच आज लागतात. दरम्यान डिझेल महागले, ट्रकचे भाडे वाढले, इतर धंद्यांतली मजुरी वाढली. मग एक तर तिकीट वाढवावे किंवा माणसे कमी करावीत. फडांनी दुसरा मार्ग धरला. एका कीबोर्डने पेटीवाल्याची आणि आणखी दोघांची जागा घेतली. लग्नाच्या वरातीत वीस जणांच्या बँडची जागा भिंतीएवढ्या स्पीकरांनी आणि दोन माणसांनी घेतली. माणूस महाग आणि यंत्र स्वस्त झाले की भांडवल श्रमाला हटवते, हा नियम गिरणीत खरा होता तसाच वरातीतही खरा आहे. हा लोकरुचीचा कौल आहे असे म्हणणे अर्धसत्य आहे. शिवाय बाजाराला मोकळे सोडले असेही नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. रुग्णांसाठी, विद्यार्थ्यांसाठी तो नियम योग्यच आहे. पण पहाटेपर्यंत चालणारा वग दहाच्या ठोक्याला आटोपायचा म्हणजे काय, याचा हिशेब नियम करताना कोणी मांडला नाही, आणि झालेली तूट कोणी भरूनही दिली नाही.

तिसरा आक्षेप फडमालकाचा. एक फडमालक मला स्पष्टपणे म्हणाले, "सर, तुम्ही भविष्यनिर्वाह निधी म्हणता, पण मीच कर्जात आहे. उद्या कायदा आणलात तर मी फड मोडेन, मग तुमचा कामगार कोणाकडे जाणार?" हे खरे आहे. तमाशाचा मालक हा गिरणीमालक नव्हे. पुष्कळदा तो स्वतःच जुना सोंगाड्या किंवा ढोलकीवाला असतो, सरकारी अनुदानाची वाट पाहत असतो, आणि एका अवकाळी पावसाने त्याचा हंगाम बुडतो. त्याच्यावर सारा भार टाकणे म्हणजे एका गरिबाचे ओझे काढून दुसऱ्या गरिबाच्या डोक्यावर देणे होय. म्हणून मार्ग वेगळा शोधला पाहिजे. तो परदेशातून आणण्याची गरज नाही. तो महाराष्ट्रातच आहे.

माथाड्याने दाखवलेली वाट

हमालालाही कायमचा एक मालक नसतो. आज या आडत्याकडे, उद्या त्या. या कारणासाठी त्यालाही वर्षानुवर्षे 'कामगार' मानले जात नव्हते. १९६९ च्या माथाडी कायद्याने ही अडचण सोडवली. हमालाची नोंदणी मंडळाकडे, मालकाचीही नोंदणी मंडळाकडे. मालक मजुरीबरोबर ठराविक लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, औषधोपचार यांची व्यवस्था पाहते. मालक अनेक असले तरी हक्क एका जागी साठत जातो. वादकाची स्थिती हुबेहूब अशीच आहे. त्याचा खरा ग्राहक फडमालक नाही. तो आहे जत्रेची सुपारी देणारी गावची कमिटी, लग्न काढणारा यजमान, उत्सव करणारे मंडळ, संस्कृतीच्या नावाने महोत्सव भरवणारे शासन, आणि लोकगीतांच्या चित्रफिती मोबाइलवर विकणारी कंपनी. प्रत्येक सुपारी लेखी असावी, तिच्यावर अल्प लेव्ही असावी आणि ती ग्राहकाने भरावी. ज्या गावात जत्रेच्या वर्गणीतून एका रात्रीत शोभेच्या दारूचा धूर होतो, त्या गावाला कलावंताच्या म्हातारपणासाठी थोडी भर घालणे जड जाणार नाही.

रिकाम्या महिन्यांचा प्रश्न यानेही सुटत नाही. त्यासाठी फ्रान्सकडे पाहावे. तेथे रंगभूमी, संगीत आणि चित्रपट या क्षेत्रांतील लोकांनी वर्षभरात ५०७ तासांचे नोंदलेले काम केले की काम नसलेल्या काळात त्यांना बेकारी विम्याची रक्कम मिळते. या व्यवस्थेचा उगम १९३६ सालचा. म्हणजे मध्येच काम असणे आणि मध्येच नसणे हा तेथे कलावंताचा दोष मानला जात नाही; धंद्याचे ते स्वरूपच आहे असे मानून त्याचा विमा उतरवला जातो. आपल्याकडे ज्येष्ठ ते भाद्रपद हे चार महिने असा विमा मिळाला, तर उचलीची गाठ आपोआप सैल होईल.

आणि उचल द्यायचीच तर ती सावकाराने का द्यावी? ज्या जिल्ह्यात १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, तो हा जिल्हा. छोट्या शेतकऱ्याची पत एकट्याने शून्य आणि एकत्र आल्यावर मोठी, हा सहकाराचा साधा सिद्धान्त. तो वादकांना, नर्तकींना आणि सुरत्यांना का लागू होऊ नये? कलावंतांची सहकारी संस्था, तिला जिल्ह्यातील सहकारी बँकांचे अल्प व्याजाचे हंगामी कर्ज आणि त्यातून सभासदांना उचल, ही योजना काही आकाशातली नाही. पीककर्ज आपण देतोच. हे गाण्याचे पीककर्ज.

असे काही उभे नसले की काय होते, ते आपण नुकतेच पाहिले. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही नेमका तोच. ज्या दिवशी राहुट्यांत सुपाऱ्या फुटायच्या त्या दिवशी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. २०२१ साली पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्या दिवसापासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. दोन वर्षे, दोन्ही वेळा मोक्याच्या दिवशी घाला. गिरणी बंद पडली तर कामगार निदान देणी मागू शकतो. या माणसांनी कोणाकडे काय मागायचे? शासनाने उशिरा का होईना एकदाच प्रत्येकी ५ हजार रुपयांची मदत जाहीर केली. परंतु मदत कोणाला द्यायची याची यादीच हाताशी नव्हती, कारण नोंदणीच नव्हती. त्या दोन वर्षांत पुष्कळांनी ढोलकी खुंटीला टांगली आणि भाजीची गाडी लावली. काही परत आले, काही आलेच नाहीत.

आपल्या घरापासून

शेवटी थोडे आपल्याविषयी. आपली चळवळ गाण्यावर वाढली. सेवा दलाचे कलापथक, लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा; शाहिराच्या डफावर थाप पडल्याशिवाय आपल्या सभेला गर्दी जमली नाही. अण्णा भाऊ साठे १९६९ साली कोणत्या दारिद्र्यात गेले, हे आपण जाणतो. तरुणपणी मीही सभांची आखणी केली आहे. मांडवाचे भाडे, ध्वनिक्षेपकाचे भाडे, पत्रकांची छपाई यांचे पैसे आम्ही काटेकोरपणे चुकते करत असू. शाहिराला आणि त्याच्या साथीदारांना मात्र चहा, जेवण आणि एस. टी.चे भाडे. 'ते आपलेच आहेत' असे आम्ही म्हणत होतो. ध्वनिक्षेपकवाला आपला नव्हता म्हणून त्याला पैसे मिळाले आणि शाहीर आपला होता म्हणून त्याला मिळाले नाहीत! गावकीचा पाटील तरी याहून वेगळे काय म्हणत होता? दुसऱ्याच्या कारखान्यात किमान वेतन मागणाऱ्यांनी आपल्या व्यासपीठावर वेठ घेतली, हे आता तरी उघडपणे मान्य केले पाहिजे. मंडळ होईल तेव्हा होईल, कायदा येईल तेव्हा येईल. परंतु आपल्या पुढच्या सभेपासून हलगीवाल्याची मजुरी आधी ठरवून, लेखी देऊन, सभा संपण्यापूर्वी चुकती करण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

त्या ढोलकीवादकांची कन्या आता शिकते आहे. परवा ते भेटले तेव्हा दसऱ्याला फडाबरोबर निघण्याच्या तयारीत होते. ढोलकीला नवी शाई भरून आणली होती. मी त्यांना सांगितले की पुढचा अर्ज आपण खरा भरू. ते हसले आणि म्हणाले, "भरू की सर. पण मग कर्ज कोण देणार?"

त्यांच्या या प्रश्नाला माझ्यापाशी आज उत्तर नाही. ते एकट्या प्राध्यापकापाशी असूही शकत नाही. ते संघटनेपाशीच असू शकते. ज्या दिवशी या जिल्ह्यातला एखादा वादक व्यवसायाच्या रकान्यात 'वादक' असे निर्धास्तपणे लिहील आणि कारकुनाची पेन्सिल हलणार नाही, त्या दिवशी अनंत फंदींच्या आणि पवळेच्या या भूमीने आपले जुने देणे फेडले असे मी समजेन.